साडेतीन कसे लिहाल?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं नाव माझ्या मागच्या फलकावर आहे. मी ते घेणार नाही, कारण ते माझ्या तोंडात बसत नाही. आमच्यासाठी त्या नुसत्या 'बाई' होत्या. चंदगड तालुक्यातल्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत दुसऱ्या बाई नव्हत्याच, त्यामुळे नावाची गरज कधी पडली नाही. पहिली-दुसरी कायम त्यांच्याकडे. पुढं मी स्वतः मास्तर झालो, मास्तरांना प्रशिक्षण देणारा झालो, निवृत्तही झालो. पण पहिलीवर तास घ्यायचा म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. दहावीचं गणित शिकवणं त्या मानानं सोपं. तिथं पोरगं कुठं चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं. पहिलीतलं पोरगं चुकतं तेव्हा पुष्कळदा आपण चुकलेले असतो, आणि ते कळायला वर्षं जातात.

मला कळलं ते बाईंमुळे. माझी नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. बाई निवृत्त झाल्या होत्या, पण अधूनमधून शाळेत यायच्या आणि मागच्या भिंतीला टेकून बसायच्या. आपण तास घेतोय आणि आपल्याच बाई मागं बसल्यात, यासारखी तपासणी दुसरी नाही. मी दुसरीच्या मुलांना संख्या सांगत होतो आणि मुलं पाटीवर लिहीत होती. मी म्हणालो, "त्रेपन्न." तिसऱ्या ओळीतल्या एका पोरानं लिहिलं ३५. मी फुली मारली. "चौऱ्याहत्तर." त्यानं लिहिलं ४७. फुली. "एकशे तीन." यावेळी पाटीवर आलं १००३. मी जरा मोठ्यानं म्हणालो, "लक्ष कुठाय तुझं?" पोरगं खाली मान घालून बसलं.

तास संपल्यावर बाईंनी ती पाटी मागून घेतली. निरखून बघितली आणि मला म्हणाल्या, "लक्ष त्याचंच होतं रे. तू जे बोललास तेच लिवलंय की त्यानं."

आज एवढी एकच पाटी मी तुमच्यासमोर धरणार आहे.

त्रेपन्न. तोंडानं म्हणून बघा. कानावर आधी काय पडतं? त्रे, म्हणजे तीन. मग पन्न, म्हणजे पन्नास. पोरानं आधी तीन लिहिले, मग पाच लिहिले. चौऱ्याहत्तरमध्ये आधी चार ऐकू येतात, मग सत्तर. त्यानं चार लिहून पुढं सात लिहिले. एकशे तीन म्हटल्यावर त्यानं शंभर लिहिले, ते त्याला येत होते, आणि पुढं तीन लिहिले. तिन्ही ठिकाणी त्यानं माझं बोलणं शब्दाबरहुकूम उतरवलं होतं. एखाद्या कारकुनानं इतकं इमानदारीनं काम केलं असतं तर त्याला बढती मिळाली असती.

आपण मोठी माणसं हे विसरून गेलेलो असतो. आपल्या दृष्टीनं त्रेपन्न हा शब्द, ५३ ही आकृती आणि त्रेपन्न काजूबिया हे सगळं एकच. मुलाच्या दृष्टीनं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यात अजून रस्ता झालेला नाही. शब्द कानाचा, आकृती डोळ्यांची, बिया हाताच्या. अंकज्ञान शिकवायचं म्हणजे हे तीन रस्ते करायचे, आणि जाण्याचे व येण्याचे धरले तर सहा. आपण बहुधा एकच करतो. आकृती दाखवून शब्द घोकून घेतो, आणि 'याला शंभरपर्यंत येतं' असं म्हणून मोकळे होतो.

त्यात आपली मराठी अशी की ती मुलाला सहजासहजी काही देत नाही. नुसता 'दोन' घ्या. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. कुठं बा, कुठं ब, कुठं बे, कुठं ब्या. पन्नास तर घरटी सोंग बदलतात. एक्कावन्न, बावन्न म्हणेपर्यंत 'वन्न', त्रेपन्न-चौपन्नला 'पन्न', पंचावन्नला परत 'वन्न', छप्पन्नला परत 'पन्न', आणि सत्तावन्न-अठ्ठावन्नला पुन्हा 'वन्न'. सत्तराचा 'हत्तर' होतो. शंभरपर्यंतचे जवळजवळ सगळे शब्द सुटे सुटे पाठ करावे लागतात. याला जुने लोक 'उजळणी' म्हणत, आणि शब्द नेमका आहे. रोज घासलं नाही की काळं पडतं.

या सगळ्यावर कडी म्हणजे एकोण. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत. एक उणे तीस, एक उणे चाळीस. म्हणजे ज्या मुलाला अजून वजाबाकी शिकवलेली नाही, त्याला नुसती संख्या म्हणायला आपण वजाबाकी करायला लावतो. पोरं एकोणसाठ ऐकून ६१ लिहितात. एक ऐकू आला, साठ ऐकू आले, झाले एकसष्ट! बरं, नियम तरी शेवटपर्यंत टिकावा? नव्व्याण्णवला भाषेनं तोही सोडून दिला. एकोणशंभर कुणी म्हणत नाही.

आता तुम्हाला २०१९ सालचा तो वाद आठवला असेल. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बासष्ट यांच्याबरोबर 'वीस एक', 'साठ दोन' अशी वाचनाची रीत दिली होती. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मराठी संख्यांमधली जोडाक्षरं लहान मुलांना जड जातात, शिवाय बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा पडतो, म्हणून ही एक जास्तीची सोपी वाट द्या. जुने शब्द कुणी काढून टाकले नव्हते. पण त्या जून महिन्यात महाराष्ट्रात जे झालं ते आपण पाहिलं. विधानसभेपर्यंत विनोद झाले, आणि मोबाइलवर तर विचारू नका. मराठी बुडाली म्हणून गळे काढणाऱ्यांपैकी कितीजण घरात नातवाला 'फिफ्टी थ्री' म्हणत होते, हे मोजायला हवं होतं.

माझं मत विचाराल तर मी तेव्हा दोन्ही बाजूंना वैतागलो होतो. ज्यांना 'पन्नास तीन' ऐकून मराठीवर घाला वाटला, त्यांनी आपल्या शेजारी कान दिला नव्हता. आमचा तालुका सीमेवरचा, बाईंचं माहेर बेळगावकडचं. कानडीत त्रेपन्नला ऐवत्तमूरु म्हणतात. ऐवत्तु म्हणजे पन्नास, मूरु म्हणजे तीन. सरळ पन्नास-तीन. तेलुगू, तमिळ यांचीही तीच तऱ्हा. बाई आमच्या वर्गात अडलेल्या पोराला हळूच कानडीत संख्या सांगायच्या, आणि ते पोरगं मराठी आकडा बरोबर लिहायचं! उलट जर्मनांना विचाराल तर तेही आपल्यासारखेच 'तीन आणि पन्नास' म्हणतात आणि त्यांचीही पोरं आकडे उलटे लिहितात. तेव्हा यात अस्मितेचा काही संबंध नाही. शब्दाची घडण आणि लिपीची घडण जुळतात का, एवढाच हा प्रश्न आहे.

पण दुसऱ्या बाजूलाही मला एक सांगायचं होतं. 'पन्नास तीन' हा पांगुळगाडा आहे. पांगुळगाडा धरून पोरगं उभं राहतं, चार पावलं टाकतं, हे फार मोलाचं. पण आजी बाजारातून येऊन 'त्रेपन्न रुपये झाले गं बाई' म्हणणार, तेव्हा पोराला त्रेपन्नही कळला पाहिजे. आणि पांगुळगाडा नुसता पुस्तकात छापून चालत नाही, तो केव्हा द्यायचा आणि केव्हा काढून घ्यायचा हे मास्तरला कळावं लागतं. या वादात ते कुणीच विचारलं नाही. मंगलाताई २०२३ साली गेल्या. त्यांचं 'गणिताच्या सोप्या वाटा' हे पुस्तक ज्यांनी वाचलं असेल, त्यांना मंगलाताईंची कळकळ ठाऊक आहे.

आता त्या पाटीवरचा तिसरा आकडा. १००३.

जुन्नरजवळ नाणेघाट आहे. पुष्कळजण पावसाळ्यात तिथं जाता, उलटा धबधबा बघता आणि लेण्यात डबा खाता. त्या लेण्याच्या भिंतीवर सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नावानं ओळखला जाणारा दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण, त्याचा हा हिशेब. या देशातल्या सगळ्यात जुन्या आकड्यांपैकी काही आपल्या सह्याद्रीत, त्या भिंतीवर आहेत. पण त्यात स्थानिक किंमत नाही आणि शून्यही नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. त्या रीतीनं एकशे तीन लिहायचे असतील तर शंभराचं चिन्ह काढायचं आणि पुढं तिनाचं काढायचं. काम झालं.

आमच्या पोरानं दुसरं काय केलं होतं? १०० हे त्याच्या दृष्टीनं शंभराचं चिन्ह होतं, त्यात तीन अंक आहेत हे आपल्याला दिसतं. त्यानं शंभराचं चिन्ह काढलं, पुढं तीन लिहिले. सातवाहनांच्या दरबारात त्याला कुणी नापास केलं नसतं.

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुजाचं छोटं देऊळ आहे. तिथं इसवी सन ८७६ चा लेख आहे. देवाच्या फुलबागेला दिलेल्या जमिनीची लांबी-रुंदी त्यात हातांत दिली आहे, २७० आणि १८७, आणि देवाला रोज वाहायच्या ५० माळांचा उल्लेख आहे. तिथल्या २७० आणि ५० मध्ये आपलं आजचं शून्य स्वच्छ गोल काढलेलं दिसतं. या दोन शिलालेखांत सुमारे नऊशे वर्षांचं अंतर आहे. आपण पोराकडून हा प्रवास जून ते दिवाळी एवढ्या अवधीत करून घेतो आणि मध्ये थांबला तर विचारतो, लक्ष कुठाय तुझं.

जुन्या मराठीत शून्याला 'पूज्य' म्हणत. 'त्याच्या अकलेचं पूज्य आहे' असं म्हणताना आपण तोच शब्द वापरतो. पण मुलाच्या दृष्टीनं अडचण अशी की जिथं काही नाही तिथं काहीतरी लिहायचं. बोलताना आपण एकशे तीनमध्ये दशकाचं नावही घेत नाही. न उच्चारलेली गोष्ट लिही, असं सांगणं हे वाटतं तितकं साधं नाही.

मग बाई काय करायच्या? आमच्याकडं काजू भरपूर. मे महिन्यात पोरं बिया गोळा करून आणायची. बाई जुन्या साडीचे तुकडे आणायच्या आणि दहा-दहा बियांच्या पुरचुंड्या बांधायला लावायच्या. दहा पुरचुंड्यांची एक पिशवी. मग 'त्रेपन्न आण' म्हटलं की पाच पुरचुंड्या आणि तीन सुट्या बिया आणायच्या. 'सुटे' हा शब्द बघा. बाजारात सुटे म्हणजे मोड, आणि वर्गात सुटे म्हणजे एकक. बाईंना तो शब्द शिकवावा लागत नव्हता. पुरचुंडी सोडली की दहा सुट्या व्हायच्या, बांधली की परत एक. हातचा घेणं, उसना घेणं हे आम्ही पुस्तकात नंतर वाचलं, आमच्या बोटांनी गाठी सोडून ते आधीच केलं होतं. बोर्डीला आणि पुढं कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, बिया घेऊन आदिवासी पाड्यांवर बालशिक्षणाचं जे काम केलं, ते आमच्या बाईंनी पाहिलं होतं की नाही मला माहीत नाही. पण जात एकच.

पुरचुंडी आणि दहाची नोट यांत मात्र फरक आहे, आणि तो मला फार उशिरा कळला. पुरचुंडी सुट्या बीपेक्षा दहापट जड असते. तिचं मोल हाताला कळतं. दहाची नोट मात्र रुपयाच्या नाण्यापेक्षा हलकी! तिचं मोल सगळ्यांनी मानलंय म्हणून आहे. पोरगं ते मानतं, कारण दुकानदार मानतो. त्याच्या पुढची पायरी ५३ मधल्या पाचाची. त्याला वजन नाही, रंग नाही, त्यावर कुणाची सही नाही. तो नुसता डावीकडं उभा आहे, म्हणून पन्नास. उजवीकडं गेला की पाच. आधी वजनानं मोल, मग मान्यतेनं मोल, मग जागेनं मोल. मी नवा असताना पहिल्या पायरीवरून थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारायला लावत होतो. आता शाळांना गणिताच्या पेट्या मिळतात, त्यात मण्यांच्या माळा, दांडे, खोट्या नोटा सगळं असतं. एका शाळेत मी ती पेटी बघायला मागितली तर ती कपाटात कुलपात होती, वरचं प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. कारण विचारलं. "मणी हरवले तर भरून कोण देणार, साहेब?" काजूबियांचं हे एक बरं होतं. हरवल्या तर पोरांनी भाजून खाल्ल्या असं समजायचं.

इथपर्यंत पूर्ण संख्यांचं झालं. आता तुमच्यातले जे सत्तरी ओलांडलेले आहेत, त्यांच्यासाठी थोडं.

माझ्या आजोबांचं आठवडी बाजारात दुकान होतं. त्यांच्या वहीत पावणेपाच रुपये '४॥।' असे लिहिलेले असत. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. जुन्या पुस्तकांवर 'किंमत १। रुपया' असं छापलेलं तुम्ही पाहिलं असेल, म्हणजे सव्वा रुपया. त्याच्या खालच्या आण्यांसाठी आडव्या तिरक्या रेघा, त्याही एकापासून तीनपर्यंतच. चार रुपये अकरा आणे लिहायचे तर चार, मग दोन उभ्या रेघा आणि तीन तिरक्या. दोन पावल्यांचे आठ आणे आणि वर तीन आणे. चौथी रेघ कधीच काढायची नाही, कारण चार झाले की वरच्या घरात एक. रुपयाच्या चार पावल्या, पावलीचे चार आणे, आण्याचे चार पैसे. चार गुणिले चार गुणिले चार, रुपयाचे चौसष्ट पैसे. आजोबा चौथी शिकलेले. आपण चाराच्या पायावरची मांडणी करतो हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांनी तपकीर पुढं केली असती. पण करत ते तेच होते. या रेघा आता वहीतून गेल्या, तरी २००९ साली त्यांना युनिकोडमध्ये जागा मिळाली. आजोबांची पावली आज संगणकात आहे, आणि ती कुणी टंकत नाही.

त्याच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. साडेतिनाचा पाढा! पाच औट साडेसतरा, हे पोरं झोपेत सांगायची. मी काही जुन्या काळाचे उमाळे काढायला उभा नाही. त्या पाठांतरात छडी फार होती, आणि पावकी म्हणणाऱ्या सगळ्यांना पाव म्हणजे काय ते कळत होतं असंही नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली ते योग्यच झालं. गंमत एवढीच की आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत. एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा आणि तीन आण्यांना एकोणीस असा सरकारी तक्ता होता, आणि त्या पाव पैशावरून दुकानात रोज भांडणं. आजोबा म्हणायचे, सरकारनं पाव खाल्ला.

पण जुन्या घरात अपूर्णांक भांड्याभांड्यांत होते, ते गेले. आमच्याकडं धान्य मापायची मापं अशी. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. मी प्रशिक्षणात मास्तरांना विचारायचो, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली यांतलं प्रत्येक माप फार तर एकदाच वापरून तेरा चिपटी धान्य द्या. थोडा वेळ कुजबुज. मग कुणीतरी म्हणायचं, अधोली, शेर आणि चिपटं. आठ, चार, एक. पायली नाही, मापटं नाही. आता वापरलं तिथं १ लिहा, नाही वापरलं तिथं ०. पायलीपासून ओळीनं ०११०१. एक चिपट्यापासून एकतीस चिपट्यांपर्यंत कुठलंही माप असंच निघतं, आणि प्रत्येकाचं एकच उत्तर. संगणक आकडे ठेवतो ते असेच, हे सांगितल्यावर एक शिक्षिका म्हणाल्या, "म्हणजे आमच्या सासूबाईंना येत होतं!" येत होतंच. लिहिता येत नव्हतं, एवढंच.

इथं देवळालीच्या कापरेकरांची आठवण काढल्याशिवाय पुढं जाववत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर शाळामास्तर होते. त्यांचं काम १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधून जगापुढं नेलं. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आणि हेच परत परत करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढं कितीही करा, ६१७४ च. मुलं या खेळावर तुटून पडतात. पण मास्तरांना मी त्यातलं वेगळं दाखवतो. ही जादू तेवढ्या काजूबियांच्या ढिगात नाही. तो ढीग आपण दहा-दहाच्या गठ्ठ्यांनी लिहितो, त्या लिहिण्यात ती आहे. चाराचे गठ्ठे करणाऱ्या आजोबांच्या रेघांत ६१७४ ला काही मान नाही. संख्या निराळी आणि तिचं लिहिणं निराळं, हे मला यापेक्षा स्वच्छ कुठं सापडलेलं नाही.

आता शीर्षकाकडं येतो. साडेतीन कसे लिहाल?

सहावीच्या एका वर्गात मी हे विचारलं. पहिली मुलगी फळ्यावर ३.५ लिहून गेली. दुसऱ्यानं ३.३० लिहिलं. वर्ग हसला. तो म्हणाला, "घड्याळात बघा की. साडेतीन वाजता सुट्टी होते." तिसऱ्यानं ३.५० लिहिलं, त्याच्या बापाची चहाची टपरी. चौथी म्हणाली, काट्यावर ३.५०० येतात, साडेतीन किलो. आणि मागच्या बाकावरचा एक, जो गणिताच्या तासाला कधी तोंड उघडत नसे, तो उठला आणि त्यानं लिहिलं ३.३. मी विचारलं, हे कसलं? "साडेतीन ओव्हर, सर. तीन ओव्हर तीन बॉल."

फळ्यावर पाच आकडे, पाचही बरोबर, आणि पाचांतलं टिंब दिसायला एक. घड्याळाच्या टिंबापलीकडं साठ आहेत, ओव्हरच्या टिंबापलीकडं सहा, काट्याच्या टिंबापलीकडं हजार. त्या मागच्या बाकावरच्या पोराला ठाऊक होतं की ३.५ नंतर एक चेंडू पडला की चार होतात, ३.६ नाही. मी त्याला म्हटलं, ३.३ षटकांत २१ धावा झाल्या, सरासरी सांग. तो म्हणाला सहा. वर्गातल्या हुशार मुलानं एकवीसला ३.३ नं भागून सहा पॉइंट छत्तीस आणले होते. त्या दिवशी बाकांची उतरंड जरा हलली.

दशांश अपूर्णांकात मुलं जी चूक हमखास करतात, ती याच टिंबाची आहे. ०.२५ मोठे की ०.५? पुष्कळ मुलं ०.२५ म्हणतात, कारण पंचवीस पाचापेक्षा मोठे. आपणच त्यांना 'शून्य पूर्णांक पंचवीस' असं वाचायला शिकवतो, 'दोन पाच' असं वाचायला हवं तिथं. एके काळी या मुलाला पाव रुपयाचं आणि अर्ध्या रुपयाचं नाणं हातात देता आलं असतं. चार आणे आणि आठ आणे, लहान आणि मोठं. २०११ साली जूनअखेर पंचवीस पैसे चलनातून गेले. नाणं गेलं, नाव राहिलं. आता 'चार आण्याची अक्कल नाही' हे वाक्प्रचारात उरलंय, आणि त्याचा अर्थ पोरांना सांगावा लागतो.

त्या वर्गातल्या फळ्यावर मी नंतर आणखी दोन ओळी वाढवल्या. एक आजोबांची, ३॥. दुसरी मापांची. साडेतीन चिपटी म्हणजे एक मापटं, एक चिपटं आणि एक कोळवं, म्हणून ११.१. शेवटच्या ओळीवरून बराच गोंधळ झाला आणि तास संपला तरी मिटला नाही. मला तो मिटवायचाही नव्हता. मात्र सातही ओळी सगळ्यांनी वाचल्या त्या एकाच शब्दानं. साडेतीन. अंक बदलले, शब्द हलला नाही. जी मराठी त्रेपन्नला पोराला दगा देते, तीच साडेतीनला त्याचा हात धरते. दीड, अडीच, पावणेदोन, सव्वातीन ही नावं पोरांना अजून येतात, ती वर्गात आणा, एवढं माझं मास्तरांकडं मागणं आहे. पावकी पाठ करायला नको. निदान शब्द तरी हाताशी असू देत.

आता परत त्या पाटीकडं, कारण ते पोरगं अजून मान खाली घालून बसलंय.

बाईंनी त्याला जवळ बोलावलं. त्याच्यापुढं काजूबिया ओतल्या आणि त्रेपन्न मोजायला लावल्या. पाच पुरचुंड्या त्यांनी त्याच्या डाव्या हाताकडं सरकवल्या, तीन सुट्या उजवीकडं. "आता बोल आणि लिही." त्यानं पाटी पुढं ओढली. 'त्रे' म्हणाला आणि पाटीच्या उजव्या बाजूला ३ लिहिला. मग 'पन्न' म्हणत डावीकडं हात नेला आणि त्याच्याआधी ५ लिहिला. झाले ५३. मी म्हणालो, "बाई, हे उजवीकडून लिहितंय. सवय वाईट लागेल." बाई म्हणाल्या, "कानाला जसं येतं तसं येऊ दे. दिवाळीपर्यंत हात आपोआप वळंल." तो दिवाळीच्या आधीच वळला.

मग मी त्याची परीक्षा घ्यावी म्हणून मुद्दाम एकोणऐंशी सांगितले. पोरगं पेन्सिल तोंडात धरून बराच वेळ बसलं.

"गुरुजी, आधी ऐंशी लिवू का?"

"कशाला रे?"

"मग त्यातला एक पुसतो की."